जिन्याखाली बांधून ठेवलेल्या वह्यांबद्दल : आमच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य

विषय : काकांनी ग्रंथालयाला दिलेल्या विमान-नोंदींच्या वह्या रद्दीत काढण्याचा ठराव मागे घेण्याबाबत

स.न.वि.वि.

आपल्या मंडळाने गेल्या महिन्यात केलेला ठराव सूचनाफलकावर वाचला. 'माळ्यावरील दाखल नसलेले, निरुपयोगी व जीर्ण साहित्य रद्दीत काढून जागा मोकळी करावी.' ठराव एवढाच. या एका ओळीत काकांच्या वह्याही बसतात, हे सभेतल्या निम्म्या लोकांच्या बहुधा ध्यानात आलं नसावं. उरलेल्यांच्या आलं असेल, तर त्यांनी तोंड उघडलं नाही. वह्यांचा पहिला गठ्ठा गेला. दुसरा जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीशेजारी, सुतळीने बांधून ठेवलाय.

मी आजीव सभासद आहे. रीतसर अर्ज दिला, त्यावर आवक शिक्का मारून मिळाला आणि विषय तिथेच संपला. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. ग्रंथालयाचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. माझं भांडण एका ठरावाशी आहे, संस्थेशी नाही. लहानपणापासून इथली पुस्तकं वाचत आलेय. काकांचंही नाव घालत नाही, कारण त्यांच्या मुलीची तशी इच्छा आहे. इथल्या लोकांना मी कोणाबद्दल बोलतेय ते कळेलच.

मंडळात आता बरेच सदस्य नवे आहेत. त्यांनी काकांना पाहिलं असेल ते वर्तमानपत्रांच्या दालनात खिडकीजवळच्या खुर्चीत बसणारे, विमानाचा आवाज आला की वर न बघता मनगटावरचं घड्याळ बघणारे एक गृहस्थ म्हणून. त्याआधीचे काका थोडक्यात सांगते.

काका लालबागच्या एका गिरणीत टाइमकीपर होते आणि राहायला इथे, विमानतळाला लागून. 15 जुलै 1953 ला बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या धावपट्टीवर उतरलं. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट. 1952 च्या मे महिन्यात ते नियमित सेवेत आलं होतं आणि मुंबईकरांना त्याचं केवढं अप्रूप होतं. ते धूड जुहूच्या आखूड धावपट्टीवर येऊन बसलं आणि पुन्हा हवेत जायला त्याला नऊ दिवस लागले. काका तेव्हा तेरा वर्षांचे. शाळा बुडवून जुहूला गेले, आणि घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर विमानावरची अक्षरं, तारीख आणि वेळ लिहून ठेवली. चित्र काढलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, चित्र काय, कोणीही काढेल.

पुढे गिरणीत लागल्यावर त्यांनी आणखी चार-पाच जणांना गोळा केलं. सांताक्रूझला तेव्हा तिकीट काढून प्रेक्षकांच्या गॅलरीत उभं राहता येत असे. रविवारी सकाळी ही मंडळी तिथे. एक दुर्बीण, तीही पाळीपाळीने. महिन्याच्या शेवटी सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून काका तीन पानी सायक्लोस्टाइल पत्रक काढायचे आणि एक प्रत टपालाने इंग्लंडमधल्या एका छांदिष्टाला पाठवायचे. तिकडून त्या विमानांचे कारखान्यातले अनुक्रमांक लिहून यायचे. त्या मंडळाला नाव नव्हतं. नाव ठेवायचा विषय निघाला की वाद व्हायचा आणि चहा गार व्हायचा, असं काका सांगत. पण स्पॉटिंग, म्हणजे विमानं बघून त्यांची नोंद ठेवणं, हा शब्दही आपल्याकडे कोणी ऐकला नव्हता तेव्हा या उपनगरात तो क्लब चालू होता. त्याचे नियम काकांनी घातलेले होते आणि त्याचं सगळं दप्तर काकांच्या घरी होतं.

मी त्यांच्यात गेले सत्तरच्या दशकात, शाळेत असताना, शेजारची मुलगी म्हणून. 'ही कशाला?' असं एकाने विचारलं होतं. काकांनी माझ्या हातात पेन्सिल दिली आणि पुढच्या विमानाची अक्षरं वाचायला सांगितली. मला ती सगळ्यांच्या आधी दिसली. पुन्हा कोणी तो प्रश्न काढला नाही.

आता वह्यांबद्दल. लाल कापडी पाठीच्या, लांबट, हिशोबाला वापरतात तसल्या वह्या. सात रकाने : तारीख, वेळ, कंपनी, प्रकार, नोंदणी-अक्षरं, आलं की गेलं, शेरा. प्रत्येक विमानाला एक नोंदणी असते. भारतातल्या विमानांची 'व्हीटी'ने सुरू होते. विमान दुसऱ्या देशात विकलं की ही नोंदणी बदलते, कंपनी बदलली की रंग बदलतो. कारखान्याचा अनुक्रमांक तेवढा शेवटपर्यंत तोच राहतो. स्पॉटरचं काम एवढंच, की कुठलं विमान कुठे, कधी होतं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि लिहायचं. काका यात कर्मठ होते. ढगात नुसता आवाज आला तर वेळ लिहायचे, 'दिसले नाही' असा शेरा मारायचे आणि नोंदणीचा रकाना कोरा ठेवायचे. वेळापत्रकावरून कुठलं विमान असणार हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. तरीही कोरा. पावसाळ्यातली काही पानं जवळजवळ रिकामी आहेत. आपल्यापैकी कोणी ती चाळली असतील तर म्हाताऱ्याने वही फुकट घालवली असंही वाटलं असेल.

एक उदाहरण देते. 1960 च्या फेब्रुवारीत एअर इंडियाचं पहिलं बोइंग 707 दाखल झालं. नाव 'गौरीशंकर', नोंदणी व्हीटी-डीजेजे. काकांच्या वहीत त्या वर्षीच्या पानावर ही अक्षरं लाल पेन्सिलीने अधोरेखित आहेत. पुढच्या वह्यांमध्ये ती कित्येकदा येतात, कधी पहाटे, कधी रात्री, आणि हळूहळू शेराही लिहिलेला नसतो इतकं ते विमान रोजचं होऊन जातं. 22 जून 1982 ला पहाटे भर पावसात हेच विमान क्वालालंपूरहून मद्रासमार्गे येताना आपल्या विमानतळावर कोसळलं. 111 पैकी 17 जण गेले. त्या तारखेला काकांनी वेळेचा रकाना कोरा ठेवलाय, कारण त्यांनी ते उतरताना पाहिलं नव्हतं. नोंदणी लिहिली आहे आणि शेऱ्यात 'वही पहिली, 1960 पाहा'. त्या वर्षी 18 जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता आणि काकांच्या घरी पगार येत नव्हता, हेही त्याच वहीवरून कळतं : त्या महिन्यांत नोंदी दिवसभराच्या आहेत.

त्या पहिल्या वहीचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि आपल्यालाही सांगता येत नाही. ती गेलेल्या गठ्ठ्यात होती की जिन्याखाली आहे, याची यादीच कोणी केलेली नाही.

बाकी काय काय आहे म्हणून विचाराल, तर 24 सप्टेंबर 1972 आहे. जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 ने एकोणीस वर्षांनी कॉमेटचीच चूक केली, जुहूला उतरलं, धावपट्टी पुरली नाही आणि विमान कायमचं निकामी झालं. 1 जानेवारी 1978 ची संध्याकाळ आहे. त्या दिवशी 'एम्परर अशोक' हे जंबो दुबईला जायला निघालं, वांद्र्याच्या समुद्रात पडलं आणि 213 माणसं गेली. ते जाताना काकांनी पाहिलं होतं. 1990 ची वही मी जमिनीवर मांडी घालून पानापानाने वाचली आहे. कुवेतवर इराकने आक्रमण केल्यावर तिथल्या आपल्या लोकांना अम्मानहून मुंबईला आणलं, 59 दिवसांत 488 उड्डाणं झाली, हा आकडा आता सगळ्यांना पाठ आहे. पण कुठल्या रात्री कुठलं विमान आलं आणि किती तासांत तेच परत गेलं, हे काकांच्या वहीत ओळीने आहे. आपल्याच सभासदांमध्ये त्या विमानांतून आलेली दोन कुटुंबं आहेत. त्यांना त्यांची ओळ दाखवता आली असती.

आणि नंतरच्या खासगी कंपन्या. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, किंगफिशर, जेट. कंपनी बुडाली की टेबल-खुर्च्यांचा लिलाव होतो आणि कागद कुठे जातात ते कोणी विचारत नाही. यांतल्या कित्येक विमानांचं मुंबईतलं येणं-जाणं रोजच्या रोज लिहून ठेवणारा माणूस आपल्या वाचनालयात येऊन बसत होता.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार दाखल करण्याची. काकांनी वह्या स्वतः आणून दिल्या. त्यांना आपल्याच लेटरहेडवर आभाराचं पत्र मिळालं, त्यावर तेव्हाच्या कार्यवाहांची सही आहे, मुलीकडे ते अजून आहे. 'हा अमूल्य ठेवा ग्रंथालय जतन करील' असं त्यात म्हटलंय. त्यानंतर इतक्या वर्षांत एकाही वहीवर दाखल क्रमांक पडला नाही. ग्रंथपालताईंना विचारलं तर त्या संकोचून म्हणाल्या, दाखल नोंदवहीत प्रकाशक आणि किंमत लिहावी लागते, आणि या वह्यांना दोन्ही नाही. त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही. पण मग हस्तलिखितांचं काय करता? आपल्याकडे दोन पोथ्या काचेच्या कपाटात आहेत. त्यांनाही छापील किंमत नाही. आधी दाखल करायचं नाही, आणि मग 'दाखल नसलेले साहित्य' म्हणून रद्दीत काढायचं! पुस्तक निर्लेखित करायचं, म्हणजे नोंदीतून काढून टाकायचं, तर यादी लागते, मंजुरी लागते. या वह्यांना तेवढाही मान मिळाला नाही, कारण कागदोपत्री त्या इथे नव्हत्याच. आपण 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेली, शासनाचं अनुदान घेणारी संस्था आहोत. देणगी घेतली तर ती वहीत चढवायची एवढी अपेक्षा जास्त नाही.

घरच्यांना विचारलं नाही, ही दुसरी. मुलगी पुण्याला असते, फोन नंबर ग्रंथालयात आहे, वार्षिक सभेची पत्रिका तिला जाते. 'जागा नाही, घेऊन जा' असा एक फोन केला असता तर ती टेम्पो घेऊन आली असती. तिला वह्या गेल्याचं माझ्याकडून कळलं.

तिसरी 'नुसते आकडे' या शेऱ्याबद्दल आहे. सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं म्हणे, की या वह्यांमध्ये वाचण्यासारखं काय आहे? नुसते आकडे आणि अक्षरं. माझी सगळी नोकरी विम्याच्या दाव्यांच्या विभागात झाली, त्यामुळे मला हा प्रश्न राग येण्यासारखा वाटतो. कागदावर तारीख आणि वेळ नसली की खऱ्या माणसाचा दावा कसा फेटाळला जातो ते मी रोज बघितलंय. स्पॉटरांच्या आकड्यांनी काय होतं त्याचं एक उदाहरण जगजाहीर आहे. 2004 च्या जानेवारीत स्पेनमधल्या मायोर्का बेटावर पाल्माच्या विमानतळावर एका छांदिष्टाने एका बोइंग 737 चा फोटो काढला. नोंदणी एन 313 पी. फोटो काढला, नोंद केली, संपलं. नंतर पत्रकारांनी अशा नोंदी एकमेकींना जोडून पाहिल्या तेव्हा निघालं, की सीआयए माणसं उचलून गुपचूप नेण्यासाठी वापरत असलेल्या विमानांपैकी ते होतं. पाल्माहून ते मॅसिडोनियातल्या स्कोपियेला गेलं आणि तिथून खालिद अल-मासरी या जर्मन नागरिकाला घेऊन अफगाणिस्तानकडे. 2012 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. फोटो काढणाऱ्याला त्या दिवशी यातलं काहीही माहीत नव्हतं.

चौथी तक्रार जरा नाजूक आहे, पण लिहिते. 'विमानतळाच्या नोंदी आहेत, उद्या पोलीस आले तर नसती भानगड' असं एक सदस्य बोलले. भीती अगदीच हवेतली नाही, हे मान्य. 2010 मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलातून दोघा ब्रिटिश स्पॉटरांना अटक झाली होती, ते दंड भरून परत गेले. ग्रीसमध्ये 2001 साली कालामाताच्या तळावर स्पॉटरांचा एक गटच पकडला होता. हेरगिरीचा आरोप झाला, शिक्षाही झाली, आणि दुसऱ्या वर्षी अपिलात सगळे सुटले. पण त्यावरून जुन्या वह्या रद्दीत घालाव्यात हे कुठून आलं? 1937 च्या विमान नियमांतला तेरावा नियम सरकारी विमानतळावरच्या छायाचित्रणाबद्दल बोलतो. काकांकडे कॅमेरा नव्हता. रेडिओवर वैमानिकांचं बोलणं ऐकण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. देशात नोंदलेल्या विमानांची यादी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय स्वतःच संकेतस्थळावर टाकतं. आणि काकांच्या देशनिष्ठेबद्दल कोणाच्या मनात काही असेल, तर त्याने 1971 ची वही उघडावी. 3 डिसेंबरपर्यंत नोंदी आहेत. पुढे मधोमध दोन शब्द, 'युद्ध. बंद.' आणि कोरी पानं. 16 डिसेंबरला लढाई संपली, तरी त्यानंतरही काही दिवस त्यांनी लिहिलेलं नाही. त्यांना कोणी सांगायला आलं नव्हतं. बरं, पोलिसांची एवढी भीती होती, तर त्याच वह्या नाक्यावरच्या रद्दीवाल्याला कशा दिल्या?

शेवटची तक्रार लहान आहे, पण मला तीच जास्त लागली. यंदाच्या वार्षिक अहवालात श्रद्धांजलीच्या यादीत काकांना 'विमानांची आवड असलेले आमचे ज्येष्ठ वाचक' म्हटलंय. आवड तर पाच वर्षांच्या मुलालाही असते.

काकांसारख्या माणसांचं दुसरीकडे काय झालं ते पाहा. ब्रिटनमध्ये हा छंद वाढला तो दुसऱ्या महायुद्धात. तिथली रडारं समुद्राकडे तोंड करून होती. किनारा ओलांडून विमान आत आलं, की ते कुठलं आहे, किती आहेत, कुठे चाललीत हे डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकून कळवायचं काम ऑब्झर्व्हर कोअरचं. कारकून, मास्तर, दुकानदार असली माणसं. 1941 मध्ये त्या दलाला राजाने 'रॉयल' ही उपाधी दिली. 13 जून 1944 ला इंग्लंडवर आलेला पहिला व्ही-1 उडता बॉम्ब डिमचर्चच्या किनाऱ्यावरच्या चौकीतल्या दोघा निरीक्षकांनी ओळखून कळवला. युद्धाच्याच काळात ठिकठिकाणी स्पॉटर क्लब निघाले आणि 'द एरोप्लेन स्पॉटर' नावाचं एक पत्र चालू झालं. ते 1948 मध्ये बंद पडलं, तेव्हा हळहळलेल्या छांदिष्टांनी त्याच वर्षी एअर-ब्रिटन ही संस्था काढली. ती आजही चालू आहे. जुन्या विमानांचा शोध घेणारा कोणीही आधी तिच्या नोंदवह्या उघडतो. त्या नोंदी अशाच वह्यांमधून आल्या. युद्धकाळात त्या पत्राचं संपादन करणारे पीटर मेसफील्ड पुढे ब्रिटिश विमानतळ प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले. आपल्याकडे विमानतळाच्या भिंतीलगत वही घेऊन उभं राहिलं तर दोन मिनिटांत शिट्टी वाजते.

हे असं लिहिलं की कोणीतरी म्हणतं, आता मोबाइलवर प्रत्येक विमान दिसतं, मग वह्यांचं काय काम? आजचं दिसतं. 1965 चं दिसत नाही. ती अॅपं चालतात विमानातून निघणाऱ्या संदेशांवर, आणि 1965 च्या विमानांतून तसले संदेश निघत नव्हते. एप्रिल 2024 मध्ये एअर इंडियाचं शेवटचं जंबो, व्हीटी-ईव्हीए, मुंबईहून अमेरिकेला निघालं आणि जाताना त्याने पंख हलवले. त्याचं चित्रण लाखो लोकांनी पाहिलं. त्या ताफ्यातलं पहिलं जंबो 1971 मध्ये आलं, ते मात्र कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय म्हणून आहे. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालाय. इथल्या आकाशाचं चित्र पुढच्या काही वर्षांत बदलणार. आधी ते कसं होतं हे विचारत कोणी आपल्या ग्रंथालयात आलं, तर त्याला काय दाखवाल?

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. जिन्याखालचा गठ्ठा आजच्या आज वर न्यावा. तिथे मोटारीचं पाणी गळतं. ठरावाचं काय करायचं ते सभेत ठरवा, पण तोवर वह्या कोरड्या राहू द्या.

2. काय गेलं आणि काय उरलं, याची वहीवार, वर्षवार यादी करून सूचनाफलकावर लावावी. ठराव जिथे लावला तिथेच.

3. उरलेली प्रत्येक वही हस्तलिखित म्हणून दाखल करावी आणि तिला क्रमांक द्यावा. किंमतीच्या रकान्यात 'देणगी' लिहावं. इतर हस्तलिखितांना जे लिहिलंय तेच.

4. पानांचे फोटो काढून संगणकावर ठेवण्याचं काम आम्ही करू. काकांच्या जुन्या क्लबातले आम्ही काही जण अजून आहोत, आणि हल्ली जरीमरीच्या बाजूला उतरती विमानं बघायला जाणारी तरुण पोरं-पोरीही यायला तयार आहेत. ग्रंथालयाला खर्च नाही. रविवारी दुपारी एक टेबल आणि पंखा हवा.

5. हे जमणार नसेल तर तसं लेखी द्यावं आणि वह्या मुलीला सन्मानाने परत कराव्यात. याचा कोणालाही राग येणार नाही. राग न विचारता टाकून दिल्याचा आहे.

6. पुढच्या अहवालात काकांबद्दलची ओळ दुरुस्त करावी. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या विमान-निरीक्षकांपैकी एक, आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ मुंबईच्या आकाशाची नोंद ठेवणारे, असं लिहावं. अतिशयोक्ती वाटत असेल तर वह्या उघडून तपासा, तोपर्यंत त्या दाखल झालेल्या असतील.

ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी दोघांनी मला नंतर रस्त्यात गाठून सांगितलं, की आम्हाला वाटलं जुनी मासिकं असतील. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. म्हणूनच मागण्या इतक्या साध्या ठेवल्या आहेत. कोणी राजीनामा द्यावा, माफी मागावी असं यात कुठेही नाही.

गेलेल्या गठ्ठ्यातल्या काही वह्या मला नाक्यावर सापडल्या. रद्दीवाल्याने वर्तमानपत्रांबरोबर तागडीत घालून किलोच्या भावाने दिल्या. पुठ्ठा जाड म्हणून पुठ्ठ्याचं वजन वजा करायलाही तो तयार होता. बाकीच्या भिवंडीच्या गाडीत गेल्या असं म्हणाला.

पुढची सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. संस्थेच्या घटनेप्रमाणे आजीव सभासदाला अध्यक्षांच्या परवानगीने निवेदन करता येतं. ती परवानगी मी या पत्राने मागतेय. काकांची मुलगी आभाराचं ते मूळ पत्र घेऊन पुण्याहून येणार आहे. मी नाक्यावरून सोडवलेल्या वह्या आणेन. ग्रंथपालताईंना दाखल नोंदवही टेबलावर काढून ठेवायला सांगावं, म्हणजे त्या वह्या त्याच बैठकीत चढवता येतील.

कळावे,

आपली,
एक आजीव सभासद